संमतीपत्रात आई-बाप कुठे सापडतात?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: ज्यांनी स्वतःहून काहीच लिहून ठेवलेलं नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कसा? शेतमजूर, गिरणीतल्या बाया, घरकामगार ही उदाहरणं आपल्याला पाठ असतात. आज मी वेगळं उदाहरण घेते. आई-बाप. तेही लहान मुलांचे नव्हेत. वयात आलेल्या, कमावत्या मुलांचे, ज्यांना कॅन्सर झालाय आणि नेहमीचे उपचार संपल्यावर जे एखाद्या ट्रायलमध्ये, म्हणजे अजून सिद्ध व्हायच्या उपचारात, दाखल झालेत.

समजा, वसईतला चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. रक्ताचा कॅन्सर, केमो झाली, बरं वाटलं, वर्षभरानं आजार उलटला. डॉक्टर सांगतात, एक ट्रायल सुरू आहे, विचार करा. मुलगा विचार करतो आणि सही करतो. फाइल आईच्या पिशवीत असते, रिपोर्टांचा क्रम तिलाच ठाऊक असतो, पहाटेची कुठली लोकल धरायची हे तिनंच ठरवलेलं असतं. आता वीस वर्षांनी एखादा संशोधक त्या ट्रायलची कागदपत्रं उघडून बसला, तर ही बाई त्याला कुठे भेटेल?

माझा पीएचडीचा विषय भारतातल्या औषध-चाचण्या आणि संमती हा आहे, त्यामुळे हे शोधणं माझं कामच होतं. उत्तर जरा विचित्र निघालं. भारतीय नियमांनी ठरवून दिलेल्या संमतीपत्राच्या नमुन्यात आईला दोन जागा आहेत. एक रेघ आहे नॉमिनीची: नाव, पत्ता आणि रुग्णाशी नातं. त्या रेघेपुढे कंसात कारणही दिलंय, ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई देण्यासाठी. दुसरी जागा अगदी तळाशी, तीही कंसातच. माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाला किंवा त्याच्या अटेंडंटला द्यावी, असं तिथे म्हटलंय. बस्स. मुलगा गेला तर पैसे घेणारी, आणि मुलगा असेपर्यंत कागद सांभाळणारी. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सच्या तिसऱ्या अनुसूचीत हा नमुना आहे, कुणीही काढून वाचू शकतं. वाचाच. फॉर्म हे इतिहासाचं साधन आहे यावर अजून आपला पुरता विश्वास बसत नाही. फॉर्ममध्ये लेखक नसतो, भावना नसते, म्हणून आपण तो पटकन उलटतो. पण फॉर्मवरच्या प्रत्येक रेघेमागे कुणीतरी भांडलेलं असतं. कोणती रेघ कधी आली, कोणाची सही कधी गळाली, हे विचारायला लागलं की फॉर्म बोलायला लागतो.

मग आईची सही कधी गळाली? कायद्याच्या दृष्टीनं मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला. १८७५ चा इंडियन मेजॉरिटी अ‍ॅक्ट अजून त्याच जागी उभा आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या ट्रायलला पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकार. अठरा पूर्ण झाले की पालक कागदावरून उतरतात. आपल्याकडे प्रत्यक्षात मात्र ही सीमा कुणी फारशी पाळत नसे. ‘नातेवाईकांना बोलवा, सही घ्यायची आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. रुग्ण पलंगावर शुद्धीत बसलेला आणि सही बाहेर बाकावर चाललीय, हेही पाहिलेलं आहे.

या सवयीला सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ ला हात घातला. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा तो खटला. कोहली तेव्हा ४४ वर्षांच्या, अविवाहित. मे १९९५ मध्ये लॅप्रोस्कोपीसाठी त्यांनी स्वतः सही केली. त्या भूलीखाली असताना डॉक्टरांना गर्भाशय काढणं योग्य वाटलं, आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन ते काढलं गेलं. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे, जिवावर बेतलेलं नाही. अशा वेळी आईची संमती ही संमतीच नव्हे. भरपाई किती? २५,००० रुपये. रक्कम लहान, तत्त्व मोठं.

हा खटला कॅन्सरचा नाही आणि ट्रायलचाही नाही, तरी माझ्या प्रकरणात तो मध्यभागी आहे. कारण सोपं आहे. आईला कागदावरून काढणं हा इथे अन्याय नाही, तो कोहलींना मिळालेला न्याय आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की व्यवस्थेनं आई-बापांना अदृश्य केलं. मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘कुणासाठी?’ तेव्हा राग आला होता. पण त्या एका शब्दानं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. साधनात कुणी दिसत नाही म्हणजे त्याला दडपलंय, असं धरून चालू नका. कधीकधी दुसऱ्या कुणाला दिसता यावं म्हणून पहिल्याला बाजूला व्हावं लागलेलं असतं.

आता नॉमिनीच्या रेघेकडे येते. ही रेघ ३० जानेवारी २०१३ च्या अधिसूचनेनं आली. त्याआधीच्या संमतीपत्राच्या नमुन्यात ती नव्हती. मग २०१३ मध्येच का? तर त्यामागे दहा-बारा वर्षांची खदखद होती. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये १९९९-२००० च्या सुमारास तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका संशोधिकेचं प्रायोगिक रसायन टोचलं गेलं. हा प्रयोग आहे हे रुग्णांना नीट कळलेलंच नव्हतं. २००१ मध्ये त्याच संस्थेतले डॉ. व्ही. एन. भट्टतिरी यांनी ते बाहेर काढलं. मग २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. मुली दहा ते चौदा वर्षांच्या. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर आई-बापांची नाही, तर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. १,९४८ वर अंगठे. इथे बघा, जिथे कायद्यानं आई-बापांची सही हवीच होती तिथेही ती नव्हती. त्या मुली आदिवासी आश्रमशाळांतल्या होत्या आणि त्यांचे आई-बाप लांब पाड्यांवर होते. पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. जव्हार-मोखाड्याकडे आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुलींचे आई-बापही असेच लांब असतात.

त्यानंतर इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या सुनावणीत सरकारनं दिलेले आकडे आजही वाचताना थांबायला होतं. २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ माणसं दगावली, आणि त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असं ठरलं. उरलेल्या २,५६४ जणांचं काय? ते आजारानं गेले, असं धरलं गेलं. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये तर हे वेगळं करणं फारच अवघड. माणूस औषधानं गेला की आजारानं, हे ठरवणार कोण? घरच्यांना ते ठरवताना कुणी विचारत नाही, कारण ते कागदावर आहेत ते फक्त नॉमिनी म्हणून. आणि ठरलं ‘आजारानं’, तर ती रेघ कधी जागीच होत नाही.

या रेघेमागचं गणितही आहे. भरपाईचं सूत्र असं: ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. जोखमीचा घटक निरोगी स्वयंसेवकाला ४, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाला अर्धा. पंचवीस वर्षांच्या माणसाला वयाचा घटक २१६.९१. म्हणजे पंचवीस वर्षांचा निरोगी मुलगा ट्रायलमुळे गेला, तर सुमारे ६९ लाख ८५ हजार. त्याच वयाचा, शेवटच्या टप्प्यातला कॅन्सरचा रुग्ण ट्रायलमुळेच गेला, तर सुमारे ८ लाख ७३ हजार. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर सरसकट २ लाख.

हे वयाचे घटक कुठून आले, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. ९९.३७ हा आकडा असा कुणाच्या डोक्यात सहज येत नाही. शेवटी सापडला तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. गिरणीत, गोदीत, खाणीत कामगार दगावला तर वारसांना किती द्यायचं याचा तो तक्ता. पासष्टच्या पुढे ९९.३७, सोळा आणि त्याखाली २२८.५४. तरुण माणूस जास्त वर्षं कमावणार होता, म्हणून त्याचा आकडा मोठा. हाच तक्ता उचलून औषध-चाचण्यांच्या नियमांत आणला गेला. त्या १९२३ च्या कायद्यात ‘अवलंबून असलेल्यां’ची व्याख्याही आहे. विधवा आई थेट यादीत. बाकीचे आई-बाप मात्र मुलाच्या कमाईवर पूर्ण किंवा थोडेफार अवलंबून असतील तरच. म्हणजे सज्ञान मुलाची आई भारतीय कायद्यात भरपाईच्या दारानं आली ती मुलाच्या पगारावर जगणारी म्हणून. नव्वद वर्षांनी ट्रायलच्या फॉर्मवर ती पुन्हा आली, तीही त्याच तक्त्याचा हात धरून. तिनं मुलासाठी काय केलं याला ना तेव्हा रकाना होता, ना आता आहे. अमुक एक आकडा कुठून आला हे शोधत जाणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात समाधानाचा दिवस तोच होता.

आता जरा बाहेर बघू. सज्ञान मूल, प्रायोगिक उपचार आणि बाप ही गोष्ट जगभरच्या संशोधन-नीतीच्या वर्गात शिकवली जाते ती जेसी गेलसिंगरची. त्याला कॅन्सर नव्हता. यकृतातला एक जन्मजात दोष होता, आणि गोळ्या-पथ्यावर तो बरा चालला होता. जून १९९९ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला, म्हणजे स्वतः सही करण्याजोगा झाला. सप्टेंबरमध्ये तो एकटाच फिलाडेल्फियाला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जीन-थेरपीच्या ट्रायलमध्ये १३ तारखेला त्याला विषाणूमार्फत जनुक टोचलं गेलं आणि १७ तारखेला तो गेला. वडील पॉल गेलसिंगर सुरुवातीला संशोधकांच्या बाजूनं उभे होते. पुढे एकेक गोष्ट बाहेर आली: आधीच्या रुग्णांत दिसलेले दुष्परिणाम पुरेसे सांगितलेले नव्हते, प्रमुख संशोधकाचे कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. मग ते बोलायला लागले, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढेही गेले. सही मुलाची होती आणि ती कायदेशीर होती. पण त्या सहीमागे काय लपवलं होतं हे जगाला कळलं त्यात मोठा वाटा बापाचा होता. कागदावर नसलेला माणूस कधीकधी सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार ठरतो, तो असा.

त्याच शहरात, त्याच विद्यापीठाच्या परिघात, तेरा वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला कार-टी उपचार मिळाला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखणारं जनुक द्यायचं, त्या वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या, असा हा प्रकार. तिला पेशी सोडल्यावर भयंकर ताप चढला, ती व्हेंटिलेटरवर गेली. तेव्हा संधिवाताचं एक औषध, टोसिलिझुमॅब, देऊन पाहिलं गेलं आणि ती वाचली. ते औषध संशोधक कार्ल जून यांना माहीत होतं कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. आज कार-टीनंतर येणाऱ्या तापाच्या वादळावर जगभर हेच औषध पहिलं हाताशी ठेवतात. प्रयोगशाळेच्या इतिहासात हे वाक्य सहसा तळटीपेत जातं. मी असते तर वर घेतलं असतं.

मग आपल्याकडे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. त्यामागे दोराबजी टाटांच्या ट्रस्टचा पैसा होता आणि मेहेरबाई टाटांचा १९३१ मध्ये ल्युकेमियानं झालेला मृत्यू होता. घरच्या माणसाच्या आजारातूनच ही संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी इथेच देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण एक लहान मुलगी, मज्जा भावाची. घरचा माणूस इथे नुसता सोबत नव्हता, त्याच्या हाडातला गर हाच उपचार होता. आता अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपणही होतं, आणि सख्खे आई-बाप अर्धे तरी जुळतातच. तेव्हा चाळिशीतल्या मुलालाही साठीतली आई मज्जा देऊ शकते, तिची तब्येत धड असेल तर. आणि गंमत बघा: अशा वेळी दाता म्हणून तिची स्वतःची वेगळी फाइल होते, तिच्या रक्ताचे रिपोर्ट येतात, तिची सही लागते. आईला कागदावर पूर्ण माणूस व्हायचं असेल तर शरीर द्यावं लागतं!

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात डॉ. अडवाणी आणि अमेरिकेचे डॉ. इयन मॅग्राथ यांनी मिळून रक्ताच्या कॅन्सरसाठी एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती बसवली. मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा तीन केंद्रांत ती पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांना दिली गेली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. अशा अभ्यासांत घरच्यांचा माग काढायचा तर कुठे? तर जिथे ते निघून जातात तिथे. उपचार अर्ध्यावर सोडणं हा वैद्यकीय लेखनात एक अधिकृत शब्द आहे आणि त्याला व्याख्याही आहे: सलग चार आठवडे किंवा जास्त उपचार चुकले की रुग्ण ‘सोडून गेला’. जमीन विकून झाली, दागिने गेले, धाकट्याची शाळा सुटली, तोपर्यंत आई-बाप आकडेवारीत नसतात. गावी परत गेले की त्यांचा एक टक्का होतो.

४ जून २०२१ ला भारतातला पहिला कार-टी उपचार टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाला. पेशी घडवल्या होत्या आयआयटी मुंबईत, प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत. त्या कामात अल्का द्विवेदी, अथर्व करुलकर या तेव्हाच्या पीएचडी विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. (आपल्या थिसिसचं पुढे काय होणार म्हणून रात्री जागणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीला लावायला हरकत नाही.) ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावानं त्याला परवानगी मिळाली, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं उद्घाटन केलं. २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत निष्कर्ष आले. एकूण ६४ रुग्ण. ज्या ५१ जणांत परिणाम मोजता आला त्यांतल्या ७३ टक्क्यांना फायदा झाला. उपचारामुळे दोन मृत्यूही झाले. पंधरा वर्षांपासून परवानगी म्हणजे एकाच वॉर्डात दोन प्रकारचे आई-बाप आले: सतरा वर्षांच्या मुलाचे, सही करणारे; आणि शेजारच्या पलंगावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे, सही न करणारे. रात्री दोघंही सारखेच जागतात.

आता वसईच्या बाजूनं हे बघू. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, वसई रोड ५२. परळला जायचं तर लोकलनं दादर गाठायचं. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, हे एक बरं. खारघरला जायचं तर वसई रोडहून दिवामार्गे पनवेलची गाडी, किंवा दादर-कुर्ला असा वळसा. नकाशावर हे लांब नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बिहार-बंगालहून आलेलं कुटुंब परळ-दादरच्या आसपास धर्मशाळेत खोली शोधतं. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कुटुंबांचा मोठाच आधार आहे. वसई-विरारचा माणूस खोली मागायला जाणार कुठल्या तोंडानं? तो तर ‘इथलाच’. पण रुग्णाला रात्री दोन वाजता ताप चढला की हा ‘इथलाच’ माणूस ५० किलोमीटर लांब असतो आणि लोकल बंद असते. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या सवलतीच्या फॉर्मवर रुग्णाबरोबर एका ‘एस्कॉर्ट’ला जागा आहे. तिसरं नाव झालं हे: नॉमिनी, अटेंडंट, एस्कॉर्ट. आई कुठेच नाही.

कार-टीत मात्र एक नवी गोष्ट झाली. पेशी सोडल्यावर काही रुग्णांत मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर रोज एक छोटी परीक्षा घेतात. २०१९ पासून सर्वत्र वापरली जाणारी ही दहा गुणांची चाचणी आहे. आज कुठलं साल, आपण कुठे आहोत, हे काय आहे, शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजा, आणि एक वाक्य लिहून दाखवा. अक्षर बिघडलं की सावध व्हायचं. आपल्याकडच्या उपचारात मेंदूवरचे परिणाम कमी दिसले असं संशोधक सांगतात, पण लक्ष ठेवावंच लागतं, आणि घरी गेल्यावर ते घरच्यांनीच ठेवायचं असतं. मुलाचं अक्षर पहिलीपासून कुणी पाहिलंय? ट्रायलनं पहिल्यांदाच आईला असं काम दिलं जे तिच्याइतकं कुणालाच येत नाही. पण निरीक्षण तिचं असलं तरी नोंद फाइलमध्ये जाते डॉक्टरांच्या नावानं.

या कामासाठी मी काही पालकांशी बोलते. त्यासाठी माझ्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेतली आहे. हे आवर्जून सांगते, कारण ‘आपण काय, फक्त गप्पाच मारणार’ म्हणून समाजशास्त्र-इतिहासवाले ही पायरी टाळतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आपल्यालाही लागू आहेत. वसई पट्ट्यातल्या एका घरी मला एक शंभरपानी वही दाखवली गेली. ट्रायलच्या काळातली. दर चार तासांनी ताप, पाणी किती प्यायलं, लघवी किती, कुठली गोळी. आणि रोजच्या पानाच्या तळाशी मुलाकडून लिहून घेतलेलं एक वाक्य. सुरुवातीची वाक्यं शहाण्यासारखी, हॉस्पिटलनं सुचवल्यासारखी. मग मुलगा कंटाळलेला दिसतो. क्रिकेटचा स्कोअर लिहितो, आईच्या आमटीला नावं ठेवतो. एका पानावर अक्षर उताराला लागलेलं आहे, आणि आईनं शेजारी वेळ लिहून दोनदा अधोरेखित केलीय.

त्या मुलाचं पुढे काय झालं हे मी इथे लिहिणार नाही. ती त्याची गोष्ट आहे आणि तेवढी परवानगी मी त्याच्याकडे मागितलेली नाही. वही आईची आहे. तिचे फोटो काढायचे म्हणून मी माझा फॉर्म पुढे केला आणि कुठे सही करायची ते दाखवलं. तिनं पेन हातात घेतलं, वरची पहिली ओळ वाचली आणि विचारलं, ‘इथे पेशंटचं नाव लिहू ना?’

नाही काकू, मी म्हटलं, तुमचं.